स्टुडिओ छायाचित्रणातील बिनतारी फ्लॅश ट्रिगरची निवड : तांत्रिक व व्यावहारिक निकष

गोषवारा :
स्टुडिओतील फ्लॅश कॅमेऱ्याच्या शटरशी नेमक्या क्षणी जोडण्याचे काम पूर्वी केबल करीत असे. आज ते बहुतांशी बिनतारी ट्रिगरकडे गेले आहे. बाजारात या उपकरणाचे अनेक प्रकार उपलब्ध असून त्यांच्या किमतीत मोठी तफावत आढळते. खरेदी करताना खोक्यावर छापलेला पल्ला व सुविधांची संख्या यांना नको तेवढे महत्त्व दिले जाते आणि विलंब, विद्युतदाब व सुसंगती हे खरे निर्णायक घटक दुर्लक्षित राहतात. प्रस्तुत लेखात ट्रिगरच्या कार्यपद्धतीचे विवेचन करून लहान व मध्यम स्टुडिओंसाठी निवडीचे निकष मांडण्यात आले आहेत.

बीजसंज्ञा : फ्लॅश, ट्रिगर, समकालन, शटर, रेडिओ वारंवारता, स्टुडिओ छायाचित्रण.

प्रस्तावना :
छायाचित्रण म्हणजे प्रकाशाचे लेखन होय. स्टुडिओमध्ये हा प्रकाश छायाचित्रकार स्वतः निर्माण करतो, त्यामुळे तो कोणत्या क्षणी पडावा याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. भ्रमणध्वनीतील कॅमेऱ्यामुळे पासपोर्ट आकाराच्या छायाचित्रांपासून घरगुती समारंभांपर्यंतचे बरेचसे काम स्टुडिओच्या हातून निसटले आहे. जे काम शिल्लक आहे ते प्रामुख्याने नियंत्रित प्रकाशाचे आहे. कुटुंबाचे एकत्रित छायाचित्र, बाळाचे जावळ वा बोरन्हाण, साखरपुड्यापूर्वीची छायाचित्रे, दागिने व साड्यांची उत्पादन-छायाचित्रे यांसाठी ग्राहक आजही स्टुडिओची पायरी चढतो. अशा वेळी तीन फ्लॅशपैकी एक पेटला नाही किंवा छायाचित्राच्या कडेला काळा पट्टा आला, तर केवळ एक छायाचित्र वाया जात नाही, तर स्टुडिओवरील विश्वासही डळमळतो. तालुक्याच्या गावातील स्टुडिओचालकाला चुकीच्या खरेदीचा भुर्दंड परवडणाराही नसतो. म्हणून या लहानशा उपकरणाचा शास्त्रीय दृष्टीने विचार होणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१. फ्लॅश व शटर यांच्या समकालनाची संकल्पना स्पष्ट करणे.
२. ट्रिगरच्या प्रमुख प्रकारांचे गुणदोष मांडणे.
३. ट्रिगर निवडीचे व चाचणीचे व्यवहार्य निकष सुचविणे.

समकालनाची पार्श्वभूमी :
१८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीटे व योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमयुक्त फ्लॅश पावडर प्रचारात आणली. त्या काळी शटर उघडे ठेवायचे, पावडर पेटवायची आणि नंतर शटर बंद करायचे, अशी रीत होती. तेथे समकालनाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. १९२९ च्या सुमारास जर्मनीतच काचेचा फ्लॅश बल्ब बाजारात आला. हा बल्ब पेटल्यानंतर पूर्ण तेजाला पोहोचण्यास साधारणतः २० मिलिसेकंद लागत. त्यामुळे बल्ब आधी पेटवून शटर किंचित उशिरा उघडण्याची योजना करावी लागली. १९३० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा विकास केला. या फ्लॅशमध्ये कपॅसिटरमध्ये साठविलेली ऊर्जा झेनॉनसारख्या वायूने भरलेल्या नळीतून क्षणार्धात मुक्त होते. विलंब जवळजवळ नाहीसा झाल्याने शटर पूर्ण उघडताच फ्लॅश पेटविणे शक्य झाले. हीच आजची एक्स-सिंक पद्धती होय.

इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला पेटण्यासाठी फक्त दोन संपर्कबिंदू एकमेकांना जोडले जाण्याची आवश्यकता असते. हे काम दीर्घकाळ केबलने केले. कॅमेऱ्यावरील लहान गोल जोडणीस पीसी म्हणतात. या अक्षरांचा संगणकाशी संबंध नसून प्रॉन्टर व कॉम्पुर या दोन जर्मन शटरच्या नावांवरून ती आली आहेत. केबल स्वस्त असते, तिला बॅटरी लागत नाही आणि तिचा विलंब नगण्य असतो. मात्र पीसी जोडणी सैल पडते, तारा आतून तुटतात आणि स्टुडिओत वावरणाऱ्या मुलांच्या व वृद्धांच्या पायात केबल अडकून फ्लॅशचा स्टँडच कोसळण्याची भीती राहते.

केबलचा आणखी एक धोका सहसा लक्षात येत नाही. जुन्या काही स्टुडिओ फ्लॅशच्या सिंक जोडणीवर २०० व्होल्टपेक्षाही अधिक विद्युतदाब असतो. यांत्रिक संपर्क असलेल्या जुन्या कॅमेऱ्यांनी तो सहन केला, परंतु डिजिटल कॅमेऱ्यातील नाजूक इलेक्ट्रॉनिक परिपथ अशा दाबाने कायमचा निकामी होऊ शकतो. बिनतारी ट्रिगरमुळे कॅमेरा व फ्लॅश यांच्यात विद्युतसंपर्कच उरत नाही. जुने दिवे वापरणाऱ्या स्टुडिओच्या दृष्टीने हा ट्रिगरचा सर्वांत मोठा लाभ होय. अर्थात रिसीव्हरलाही विद्युतदाबाची मर्यादा असते आणि ती माहितीपुस्तिकेत तपासून घेणे इष्ट असते.

बिनतारी ट्रिगरचे प्रकार :
अ) ऑप्टिकल स्लेव्ह : यात प्रकाशसंवेदी घटक असतो. मुख्य फ्लॅशचा अचानक वाढलेला प्रकाश त्यावर पडताच तो आपल्या फ्लॅशला पेटवितो. बहुतेक स्टुडिओ फ्लॅशमध्ये ही सोय अंगभूत असते, म्हणजे तिच्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. तिचा विलंबही अत्यल्प असतो. तथापि समारंभाच्या ठिकाणी दुसऱ्या छायाचित्रकाराच्या फ्लॅशनेही ती कार्यान्वित होते. तसेच मुख्य फ्लॅश स्वयंचलित टीटीएल पद्धतीवर असल्यास मोजमापासाठी आधी जो क्षीण पूर्वप्रकाश पडतो, त्यालाच स्लेव्ह फसतो आणि प्रत्यक्ष छायाचित्राच्या वेळी तो फ्लॅश रिकामा असतो.

आ) इन्फ्रारेड ट्रिगर : कॅमेऱ्यावर बसविलेला लहान घटक अदृश्य अवरक्त प्रकाशाचा स्पंद सोडतो. बंद खोलीत भिंती व छतावरून परावर्तन होत असल्याने तो चांगले काम देतो. मोकळ्या उन्हात किंवा मध्ये अडथळा आल्यास त्याची विश्वसनीयता घटते.

इ) रेडिओ ट्रिगर : कॅमेऱ्यावरील ट्रान्समीटर रेडिओ संदेश पाठवितो व फ्लॅशला जोडलेला किंवा त्यात अंगभूत असलेला रिसीव्हर तो स्वीकारतो. या पद्धतीत ट्रान्समीटर व फ्लॅश समोरासमोर असण्याची गरज नसते. सॉफ्टबॉक्सच्या मागे, पार्श्वभूमीच्या कापडामागे किंवा शेजारच्या खोलीतही फ्लॅश ठेवता येतो. आज रेडिओ ट्रिगर म्हणजेच ट्रिगर असे समीकरण रूढ झाले असून पुढील विवेचन मुख्यतः त्यासंबंधी आहे.

पल्ल्यापेक्षा वेळ महत्त्वाची :
रेडिओ ट्रिगरच्या खोक्यावर १०० मीटर वा त्याहून अधिक पल्ला ठळकपणे छापलेला असतो. वीस फूट लांबीच्या खोलीत या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही. उलट काही ट्रिगर अतिजवळच्या अंतरावर अडखळतात, कारण संदेशाची तीव्रता रिसीव्हरच्या क्षमतेबाहेर जाते. म्हणूनच काही उत्पादकांनी जवळच्या अंतरासाठी वेगळी योजना दिली आहे.

स्टुडिओत निर्णायक ठरतो तो विलंब. रेडिओलहरी १० मीटर अंतर सुमारे ३३ नॅनोसेकंदांत कापतात. तेव्हा विलंब अंतरामुळे होत नाही. संदेशाला चॅनेल व ओळखक्रमांकाचे सांकेतिक रूप देणे आणि रिसीव्हरने ते उलगडून खात्री करून घेणे या प्रक्रियेत वेळ जातो. उत्तम ट्रिगरमध्ये तो नगण्य असतो, तर काही स्वस्त ट्रिगरमध्ये तो शटरच्या मानाने लक्षणीय ठरतो.

हे समजण्यासाठी शटरची रचना पाहणे उपयुक्त ठरेल. प्रचलित कॅमेऱ्यात संवेदकासमोर दोन पडदे असतात. पहिला पडदा संवेदक उघडतो व दुसरा तो झाकतो. समजा, पडद्याला संवेदक ओलांडण्यास ३.२ मिलिसेकंद लागतात. शटरवेग १/२५० सेकंद म्हणजे ४ मिलिसेकंद ठेवल्यास संपूर्ण संवेदक फक्त ०.८ मिलिसेकंद उघडा राहतो. ट्रिगरने १ मिलिसेकंद विलंब केला, तर फ्लॅश पेटेपर्यंत दुसरा पडदा खाली येऊ लागलेला असतो आणि छायाचित्रात काळा पट्टा उमटतो. शटरवेग १/१६० सेकंद म्हणजे ६.२५ मिलिसेकंद केल्यास संपूर्ण संवेदक सुमारे ३ मिलिसेकंद उघडा राहतो व विलंब वजा जाताही २ मिलिसेकंद उरतात. १/१२५ सेकंदास हीच शिल्लक सुमारे ३.८ मिलिसेकंद होते.

येथे फ्लॅशच्या स्वतःच्या कालावधीचाही विचार करावा लागतो. उत्पादक बहुधा टी ०.५ हा कालावधी देतात, म्हणजे प्रकाश निम्म्या तेजापेक्षा अधिक असण्याचा काळ. प्रकाश एक दशांश तेजापर्यंत उतरण्याचा टी ०.१ हा कालावधी स्थूलमानाने त्याच्या तिप्पट असतो. मोठ्या स्टुडिओ फ्लॅशचा हा काळ पूर्ण शक्तीवर २ मिलिसेकंदांच्या आसपासही असू शकतो. त्यामुळे उशिरा पेटलेल्या फ्लॅशचे शेपूट दुसऱ्या पडद्याखाली कापले जाते आणि छायाचित्राची एक बाजू किंचित अंधारी येते. हा दोष अनेकदा फ्लॅशच्या माथी मारला जातो. तो दूर करण्याचा सर्वांत सोपा व बिनखर्चिक उपाय म्हणजे शटरवेग १/१२५ सेकंदावर आणणे. स्टुडिओत गती गोठविण्याचे काम प्रामुख्याने फ्लॅशचा अल्प प्रकाशकाल करीत असल्याने या बदलाने सर्वसाधारण व्यक्तिचित्राची हानी होत नाही.

वारंवारता व नियम :
रेडिओ ट्रिगर प्रामुख्याने ४३३ मेगाहर्ट्झ किंवा २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांत काम करतात. ४३३ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर, तर २.४ गिगाहर्ट्झची सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. कमी वारंवारतेच्या लहरी अडथळ्यांतून तुलनेने सहज जातात. अधिक वारंवारतेच्या लहरी मानवी शरीरातील पाण्यामुळे अधिक शोषल्या जातात व वाय-फायही त्याच पट्ट्यात चालत असल्याने गर्दीचा प्रश्न निर्माण होतो. मात्र या पट्ट्यात अँटेना लहान होतो आणि फ्लॅशची शक्ती कॅमेऱ्यावरूनच बदलण्यासारखी माहिती वेगाने पाठविता येते. म्हणून अलीकडील बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात.

भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ च्या नियमांद्वारे परवान्यातून सूट देण्यात आली. तथापि उपकरणाच्या प्रकाराला दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेची मान्यता असणे अपेक्षित असते. परदेशातील नातेवाइकांकरवी ट्रिगर मागविताना हा मुद्दा ध्यानात घ्यावा. उदाहरणार्थ, पॉकेटविझार्ड या नामांकित ट्रिगरची अमेरिकेसाठीची आवृत्ती ३४४ मेगाहर्ट्झच्या व युरोपसाठीची ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास काम करते. या दोन आवृत्त्या परस्परांशी जुळत नाहीत.

कॅमेरा व फ्लॅश यांच्याशी सुसंगती :
साधा ट्रिगर कॅमेऱ्याच्या हॉट-शूमधील मध्यवर्ती संपर्कबिंदूवर अवलंबून असतो. हा बिंदू सर्वच कॅमेऱ्यांत असतो असे गृहीत धरणे मात्र चुकीचे ठरते. २०१८ मध्ये आलेले कॅननचे १५००डी व ३०००डी आणि २०१९ मधील २००डी मार्क २ या कॅमेऱ्यांत तो वगळण्यात आला आहे. हे कॅमेरे तुलनेने स्वस्त असल्याने नवोदितांच्या हाती दिसतात. त्यांवर साधा ट्रिगर चालत नाही. कॅननच्या संकेतप्रणालीनुसार तयार केलेला ट्रिगरच घ्यावा लागतो. म्हणजे कॅमेऱ्यावर वाचविलेली रक्कम ट्रिगरवर खर्च होण्याची शक्यता असते.

मिररलेस कॅमेऱ्यांत मूक इलेक्ट्रॉनिक शटर सुरू असल्यास बहुतेक मॉडेलमध्ये फ्लॅश पेटतच नाही. तसेच अशा कॅमेऱ्याचा पडदा प्रत्यक्ष प्रकाशमापनानुसार चित्र दाखवीत असेल, तर स्टुडिओच्या मांडणीत तो जवळजवळ काळा दिसतो. या दोन्ही गोष्टी ट्रिगरच्या बिघाडाच्या नसून कॅमेऱ्याच्या मांडणीच्या आहेत.

दुसऱ्या बाजूस फ्लॅशची जोडणी येते. स्टुडिओ फ्लॅशवर ६.३५ मिलिमीटर, ३.५ मिलिमीटर किंवा पीसी यांपैकी एक प्रकार आढळतो. रिसीव्हरसोबत योग्य केबल मिळते का, हे आधीच पाहावे. फ्लॅशमध्ये रिसीव्हर अंगभूत असल्यास केबलची कटकट मिटते, परंतु मग ट्रिगर त्याच प्रणालीचा घ्यावा लागतो. गोडॉक्सची एक्स प्रणाली, प्रोफोटोची एअर व एलिनक्रोमची स्कायपोर्ट या परस्परांची भाषा जाणत नाहीत. प्रणाली निवडणे म्हणजे पुढील अनेक वर्षांची खरेदी निश्चित करणे होय.

या संदर्भात बोवेन्स या ब्रिटिश कंपनीचे उदाहरण बोधप्रद आहे. ही कंपनी २०१७ मध्ये बंद पडली. तिची सॉफ्टबॉक्स बसविण्याची एस-माउंट जोडणी मात्र अनेक उत्पादकांनी स्वीकारलेली असल्याने आजही सर्वत्र मिळते. सामायिक मानक उत्पादकानंतरही टिकते, एकाच कंपनीची बंदिस्त प्रणाली टिकेलच असे नाही. म्हणून अंगभूत रिसीव्हर असला तरी फ्लॅशवर साधी सिंक जोडणी असणे दूरदृष्टीचे ठरते.

अधिकच्या सुविधा आणि स्टुडिओची गरज :
ट्रिगरची किंमत वाढविणाऱ्या दोन प्रमुख सुविधा म्हणजे टीटीएल व हाय-स्पीड सिंक. टीटीएलमध्ये कॅमेरा पूर्वप्रकाशाच्या आधारे फ्लॅशची शक्ती स्वतः ठरवितो. छायाचित्रकार व व्यक्ती यांतील अंतर सतत बदलत असेल तेथे ती उपकारक असते. स्टुडिओत अंतर व दिवे स्थिर असतात, परंतु पोशाख बदलतो. संक्रांतीचे उदाहरण घेता येईल. काळ्या साडीवर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने घातलेल्या नववधूचे छायाचित्र घेताना चौकटीत काळा रंग अधिक आला, तर स्वयंचलित मापन प्रकाश वाढविते आणि हलव्याचा काटा पांढऱ्या डागात हरवतो. दागिने जवळून घेतले तर मापन प्रकाश कमी करते. एकाच मालिकेतील छायाचित्रांत त्वचेचा रंग बदलत राहतो. हाताने ठरविलेली स्थिर शक्ती अशा कामी अधिक भरवशाची असते.

हाय-स्पीड सिंकमध्ये फ्लॅश अतिजलद स्पंदांच्या रूपात पडद्यांच्या संपूर्ण प्रवासात प्रकाश देत राहतो. १९८६ मध्ये ऑलिंपसने ओएम-४ मालिकेतील कॅमेरा व एफ२८० फ्लॅशद्वारे ही कल्पना बाजारात आणली. भर उन्हात मोठे छिद्र ठेवून व्यक्तिचित्र घेण्यासाठी ती मोलाची आहे, मात्र तीत उपलब्ध प्रकाशाची बरीच शक्ती खर्ची पडते. बंद स्टुडिओत तिची गरज क्वचितच भासते. याउलट गटनिहाय शक्ती कॅमेऱ्यावरूनच बदलण्याची सोय उंच स्टँडवरील फ्लॅश वारंवार खाली आणण्याचे श्रम वाचविते. ती सोय स्टुडिओसाठी खऱ्या अर्थाने उपयुक्त आहे.

निवडीची दिशा व चाचणी :
दोन-तीन जुने फ्लॅश असलेल्या स्थिर स्टुडिओस एक साधा ट्रान्समीटर व मुख्य फ्लॅशसाठी एक रिसीव्हर पुरेसा होतो. उरलेले फ्लॅश ऑप्टिकल स्लेव्हवर ठेवावेत. तेथे इतरांच्या फ्लॅशचा उपद्रव नसल्याने ही सर्वांत काटकसरीची योजना ठरते. नवीन फ्लॅश घेऊन स्टुडिओ उभारणाऱ्याने अंगभूत रिसीव्हरची एकच प्रणाली निवडावी. स्टुडिओसोबत लग्नसमारंभ व बाह्यचित्रणही करणाऱ्यास टीटीएल व हाय-स्पीड सिंकसाठी अधिक रक्कम मोजणे समर्थनीय आहे. कोणत्याही स्थितीत बॅटरीचा प्रकार पाहणे आवश्यक आहे. काही स्वस्त ट्रान्समीटरना १२ व्होल्टची २३ए बॅटरी लागते व ती गावातील प्रत्येक दुकानात मिळेलच असे नाही. एए आकाराची बॅटरी अशा वेळी सोयीची ठरते.

खरेदीपूर्वी, निदान परत करण्याच्या मुदतीत, पुढील चाचण्या कराव्यात. पांढऱ्या भिंतीवर १/१२५, १/१६०, १/२०० व १/२५० सेकंद या वेगांनी पूर्ण शक्तीवर छायाचित्रे घेऊन पट्टा वा कडेचा अंधार कोणत्या वेगापासून दिसतो, हे नोंदवावे. फ्लॅश पुन्हा भरण्यास पुरेसा अवधी देत सलग ५० छायाचित्रे घ्यावीत व किती वेळा तो पेटला नाही, हे मोजावे. हीच चाचणी वाय-फाय सुरू ठेवून आणि ट्रान्समीटर व रिसीव्हर यांच्यामध्ये माणूस उभा करून पुन्हा घ्यावी. शेवटी सर्व फ्लॅश बंद ठेवून नेहमीच्या मांडणीत एक छायाचित्र घ्यावे. ते पूर्ण काळे आले, तर खोलीतील इतर प्रकाशाचा हस्तक्षेप नाही हे सिद्ध होते आणि वेगवान शटरची आवश्यकताही उरत नाही. जुन्या फ्लॅशच्या सिंक जोडणीचा विद्युतदाब जाणकार तंत्रज्ञाकडून मोजून घ्यावा. फ्लॅश स्वतः उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार शिल्लक असू शकतो.

निष्कर्ष :
१. स्टुडिओत ट्रिगरचा पल्ला हा निकष गौण असून विलंब व पुनरावृत्तीतील खात्री हे निकष प्रधान आहेत.
२. शटरवेग १/१२५ सेकंदाच्या आसपास ठेवल्यास मध्यम किमतीचा ट्रिगरही समाधानकारक काम देऊ शकतो.
३. जुन्या फ्लॅशच्या उच्च विद्युतदाबापासून कॅमेऱ्याचे रक्षण हा रेडिओ ट्रिगरचा महत्त्वाचा, पण दुर्लक्षित लाभ आहे.
४. कॅमेऱ्याचा मध्यवर्ती संपर्कबिंदू, फ्लॅशची जोडणी व प्रणालीची सुसंगती या बाबी किमतीपूर्वी तपासल्या पाहिजेत.
५. टीटीएल व हाय-स्पीड सिंक या सुविधा कामाच्या स्वरूपानुसार घ्याव्यात. केवळ स्टुडिओत काम करणाऱ्यास त्या अनिवार्य नाहीत.

समारोप :
ट्रिगर हे प्रकाश निर्माण करणारे उपकरण नाही. प्रकाश व शटर यांची वेळ जुळवून देणे एवढेच त्याचे कार्य आहे. ते कार्य प्रत्येक वेळी बिनचूक करणारा साधा ट्रिगर, अधूनमधून चुकणाऱ्या बहुगुणी ट्रिगरपेक्षा स्टुडिओला अधिक उपयोगी पडतो. अशा निवडीतून वाचलेली रक्कम चांगला सॉफ्टबॉक्स, भक्कम स्टँड किंवा पर्यायी रिसीव्हर यांवर खर्च केल्यास तिचा परिणाम छायाचित्रात प्रत्यक्ष दिसून येईल. शटर, फ्लॅश व ट्रिगर यांच्या परस्परसंबंधाचे किमान ज्ञान असलेला छायाचित्रकारच जाहिरातीतील आकड्यांची योग्य पारख करू शकतो. म्हणून छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमांत समकालनाच्या प्रात्यक्षिकांना पुरेसे स्थान मिळणे आवश्यक आहे.